येथे पीठ चोरले जात नाही

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच्या आदल्या वर्षापर्यंत बोरीत आम्ही सगळे रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, खात होतो. मिलोच्या भाकरीला तव्यावरच तडे जायचे. त्या तड्यांकडे बघून आमचे हे म्हणायचे, ही बघ पूर्णा नदी, ही दुधना. चौऱ्याहत्तरला घराघरात पुन्हा ज्वारी आली आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात पिठाची गिरणी आली.

आमचे हे म्हणजे दत्तराव, गावच्या हायस्कुलात कारकून. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. त्यामुळे घरात मीठ संपलं तरी त्याची लेखी दरखास्त यावी अशी त्यांची अपेक्षा असायची. सरकारी नोकराला धंदा करता येत नाही, म्हणून गिरणी माझ्या नावावर झाली. सगळ्या कागदांवर मी 'सौ. कमलबाई दत्तराव' अशी सही केली आणि प्रत्येक कागद मला वाचू न देता त्यांनी काढून घेतला. विजेच्या मीटरसाठी जिंतूरला सात खेपा झाल्या. सातव्या खेपेला तिथले साहेब म्हणाले की अर्जदार स्वतः हजर पाहिजे. मी हजर झाले, तर म्हणाले, तुम्ही कशाला आलात, मिस्टरांना पाठवायचं.

असो. गिरणी सुरू झाली. साडेसात हॉर्सपावरची मोटार, जाड पट्टा, दोन दगड आणि खाली पीठ पडायला कापडाची लांब सोंड. मशीनवर मुंजाजी होता. मुंजाजीला बोलायची हौस नव्हती आणि त्या आवाजात ते बरंच होतं. संध्याकाळी तो घरी निघाला की भुवयांपासून पायाच्या नखांपर्यंत पांढरा असायचा. नवखं कुत्रं त्याच्यावर भुंकायचं, ओळखीचं शिंकायचं.

गिरणीची रीत साधी होती. बायका सकाळी डबे आणून भिंतीला ओळीनं लावायच्या आणि रानात जायच्या. संध्याकाळी परत येताना पीठ घेऊन जायच्या. डब्यावर कुणी नाव घातलेलं नसायचं. कुणाच्या कडीला चिंधी, कुणाचं झाकण पोचलेलं, कुणाच्या डब्यावर जुन्या वनस्पती तुपाच्या छापातलं अर्धं झाड. मी पोत्यावर बसून सगळे डबे तोंडावरून ओळखायची. कुणाचं दळण आधी, कुणाचं मागून, हरभऱ्यानंतर ज्वारी टाकायची नाही, उपवासाची भगर सगळ्यांच्या आधी, हे सगळं माझ्या डोक्यात. एकीचं मूठभर पीठ दगडात राहायचं ते दुसरीच्या डब्यात जायचं, दुसरीचं तिसरीच्या. दगडाला कुणाचं आडनाव कळत नव्हतं आणि बायकाही तेवढ्यापुरतं विचारत नव्हत्या.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डबाभर ज्वारी दळली की पीठ डब्यात मावत नाही. फुगतं. वर शीग लागते, झाकण बसत नाही, दाबावं लागतं. आमच्याकडे बायका याला दळणाची बरकत म्हणायच्या. ज्या गिरणीचं झाकण बसत नाही ती गिरणी चांगली. आमचं झाकण कधीच बसायचं नाही.

पहिला डबा लावला शेजारच्या सरजाबाईनं. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक भिंत, तीही छातीइतकीच. माझ्या आयुष्यातलं निम्मं बोलणं त्या भिंतीवरून झालं आहे. सरजाबाई शेतात राबणारी, आवाज खडा, हिशेब तोंडी. डबा ठेवायची आणि मागं वळून न बघता जायची. तिच्या सगुणाचं लग्न येत्या उन्हाळ्यात होतं आणि लग्नाचं दळण माझ्याच गिरणीत, हे तिनं मीटर यायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. तीन गावांचे पाहुणे. लग्नाची बैलगाडी ज्या गिरणीसमोर थांबते तिच्याकडे मग सगळी आळी जाते. म्हणून मी त्या गाडीची वाट बघत होते. खरं सांगायचं तर आळीसाठी कमी आणि सरजाबाईसाठी जास्त.

सात महिने असे गेले.

मग एके दिवशी आळीतली केशरबाई डबा घ्यायला आली. झाकण लावलं आणि म्हणाली, "आज झाकण बसलं की हो." एवढंच म्हणाली आणि गेली. तिनं स्वतःच त्या दिवशी कण्यांसाठी जाड भरडायला सांगितलं होतं, आणि भरडा काही फुगत नाही. मला त्यात काहीच वाटलं नाही. जेवताना मी ह्यांना सहज सांगितलं. माझ्या आयुष्यातल्या मोठ्या चुकांत ही दुसरी. पहिली कुठली ते अजून ठरलेलं नाही.

ह्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "म्हणजे आपल्यावर आळ आला."

मी म्हटलं, आळ कसला, झाकण आलं. पण ह्यांच्या घराण्यात आजवर कुणावर आळ आला नव्हता, आणि घराण्याला तो अनुभव नवीन असल्यामुळे त्यांना झोप लागेना. सकाळी उठून ते आबासाहेबांकडे गेले. आबासाहेब समोरच राहायचे. शेती बटईनं लावलेली, दिवस मोकळा, त्यामुळे सल्ला भरपूर पिकायचा. ते म्हणाले, दत्तराव, व्यवहारात पारदर्शकपणा पाहिजे. काटा आणा. वजन करून घ्या, वजन करून द्या, आणि तसं लिहून लावा.

काटा आला. सेलूच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधून स्वस्तात, बैलगाडीतून. लोखंडी, उंच, वजनं ठेवायला दांडा. गिरणीत मावेना म्हणून ओसरीवर उभा केला. त्याच्या मागोमाग पाटी आली. सागाची फळी, पांढऱ्या रंगावर निळी अक्षरं:

येथे पीठ चोरले जात नाही.
वजन करून द्यावे. वजन करून घ्यावे.

ही पाटी लागेपर्यंत गिरणीत पीठ चोरता येतं हे बोरीतल्या एकाही बाईच्या मनात आलं नव्हतं. सगळ्यांना वाचता येत होतं असं नाही. पण सगुणा सातवी शिकलेली होती. तिनं आईला वाचून दाखवलं. सरजाबाईनं दोनदा वाचायला लावलं. मग पाटीकडे बघितलं, मुंजाजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डबा ठेवून गेली. जाताना कोपऱ्यावर मागं वळून बघितलं. सात महिन्यांत पहिल्यांदा.

गावात चर्चा सुरू झाली, की कुणाचं पीठ चोरीला गेलं. कुणाचं तरी गेल्याशिवाय का कोणी पाटी लावतं? तिसऱ्या दिवशी नाव निघालं, केशरबाईचं. केशरबाईला स्वतःला हे ऐकून धक्का बसला. तिनं घरी जाऊन मडकी मोजली.

आणि वजनाला सुरुवात झाली. आठ किलो ज्वारी दिली तर पीठ पावणेआठ किलो. गिरणी चालवणाऱ्याला यात नवल नाही. दळताना पीठ उडतं, भिंतीवर बसतं, दगडात राहतं, मुंजाजीवर राहतं. पण बायकांनी आजवर पीठ मापानं बघितलं होतं आणि मापात ते वाढायचं. आता काटा सांगायला लागला की कमी होतं. झाकण अजूनही बसत नव्हतं, पण त्याकडे कोणी बघेना. सगळ्यांच्या नजरा दांड्यावर. सात महिन्यांची बरकत त्या काट्यानं आठ दिवसांत खाल्ली.

एकीनं विचारलं, पाव किलो गेलं कुठं? मुंजाजीनं स्वतःच्या अंगाकडे बोट दाखवलं. त्यावर ती म्हणाली की हा रोज घरी जाऊन अंग झटकत असेल, त्यात दोन भाकरी निघत असतील. हा विनोद होता. पण पाटीखाली उभं राहून केलेला विनोद लोक घरी नेतात. मुंजाजी दुसऱ्या दिवसापासून जाताना गिरणीच्या दारातच सगळ्यांसमोर अंग झटकायला लागला.

ह्यांनी दुसरा नियम काढला. पाटीखाली पुठ्ठा लावला: 'दळणात घट येते. आठ किलोस पाव किलो घट नियमानुसार समजावी.'

मी म्हटलं, हे काढा. म्हणाले, का? सगळं स्पष्ट केलंय. तेच तर झालं होतं. आधी पीठ चोरलं जात नव्हतं, आता ठरलेलं चोरलं जात होतं. बाजारतळाच्या पलीकडे अंगदची जुनी गिरणी होती, डिझेलच्या इंजिनाची. अंगद प्रत्येक दळणातून मूठभर पीठ सरळ हातानं काढून घ्यायचा आणि कोंबड्यांना टाकायचा. बायकांच्या देखत. त्याला जन्मात कोणी चोर म्हटलं नाही. त्याच्याकडे पाटी नव्हती.

मग तिसरा नियम. आबासाहेबांचा सल्ला असा की संशयाला जागाच ठेवू नका, गिऱ्हाईकाला समोर उभं करा. त्याप्रमाणे 'डबा बेवारस सोडून जाऊ नये. दळण स्वतः उभे राहून घ्यावे' असा पुठ्ठा लागला. ज्वारीच्या काढणीचे दिवस. बायका रोजावर जायच्या. कोण उभं राहणार? आणि आपल्या डब्याला बेवारस म्हटलेलं कुणाला आवडेल? भिंतीची ओळ विरळ होत गेली. पूर्वी चाळीस डबे लागायचे तिथे अकरा, मग सात. मी पोत्यावर बसून मोकळ्या भिंतीकडे बघायची. ह्यांचं म्हणणं, जी गेली ती कच्ची गिऱ्हाइकं होती.

एका सकाळी भिंतीवरून बघते तर सरजाबाई डोक्यावर डबा घेऊन बाजारतळाकडे निघालेली.

मी विचारलं, "डबा कुठं?"

"अंगदाकडं."

"का बरं?"

"तिथं उभं ऱ्हावं लागत न्हाई," ती म्हणाली, आणि चालायला लागली. लग्नाच्या दळणाचं विचारायची माझी हिंमत झाली नाही. दोन दिवसांनी विचारलं, तर म्हणाली, बघू. सरजाबाईचं 'बघू' मला ठाऊक होतं. भावकीतल्या माणसांना बोलवायचं नसलं की ती बघू म्हणायची.

तेवढ्यानं भागलं नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी वजनमापाचे साहेब गावात दौऱ्यावर आले. व्यापाऱ्यांनी साहेब यायच्या आधीच काटे झाकून ठेवले होते. उघड्यावर उभा असा एकच काटा सापडला, आमच्या ओसरीवर. शिवाय वर पाटी, की इथे चोरी होत नाही. साहेबांचं कुतूहल जागं झालं. त्यांनी आपली पितळी वजनं काढून काट्याचा मुआयना, म्हणजे तपासणी केली. एकदा ठेवलं, दुसऱ्यांदा ठेवलं. मग ह्यांना शांतपणे म्हणाले, "अहो, हा कापसाच्या बोंद्र्यांचा, मोठाल्या गाठोड्यांचा काटा आहे. दहा किलोच्या खाली हा अंदाजानं बोलतो."

म्हणजे दोन महिने आम्ही ज्या पाव किलोसाठी इज्जत घालवली, तो पाव किलो खरा होता की काट्याच्या मनातला, हे देवालाही सांगता आलं नसतं. साहेबांनी दांड्याला तार बांधली, शिशाचं सील ठोकलं, कागद दिला आणि बसनं गेले. ह्यांना सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटावं? कागद नीट टाइप केलेला होता, समासही सोडलेला होता, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

बाजाराचा दिवस असल्यामुळे हे सगळं पाच गावांनी बघितलं. संध्याकाळपर्यंत बातमी झाली की सरकारनं कमलबाईचा काटा धरला. काटा माझ्या नावावर होता हे तोवर माझ्याही लक्षात नव्हतं. दुसऱ्या दिवशी भिंतीला एकच डबा होता. आमचाच.

मुंजाजी झिजलेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावत बसला होता. बोलायची सवय नसलेला माणूस, पण त्या दिवशी बोलला. "बाई, जिंतूरच्या तेलघाण्यावर माणूस पायजे म्हणत्यात. जाऊ का?" मी म्हटलं, लग्नापर्यंत थांब. कुणाचं लग्न, हे त्यानं विचारलं नाही.

लग्नाला पंधरा दिवस राहिले तेव्हा सरजाबाईकडे जात्याची पूजा निघाली. आमच्याकडे लग्नाच्या कामाला आरंभ जात्यापासून होतो. जात्याच्या खुंट्याला हळकुंड बांधायचं आणि पाच सवाष्णींनी मिळून हळद दळायची. त्या पाचात मला बोलावणं आलं. येणारच होतं, शेजारधर्म होता. पण मला बसायला जागा मिळाली ती नेमकी सरजाबाईच्या समोर. जात्याचा खुंटा एकच. तिचा हात माझ्या हातावर, तोंडापुढं तोंड. भिंतीवरून बोलताना माणूस तोंड फिरवू शकतो, जात्यावर नाही.

बाकीच्या ओव्या म्हणत होत्या. त्या आवाजाखाली ती हळू बोलायला लागली.

"सात म्हैने म्या डबा टाकून रानात गेले. कवा मागं बघितलं न्हाई. त्या दिशी सगुणानं पाटी वाचली. संध्याकाळी घरी पीठ नेलं आन् मापून बघितलं. माझ्या शेजारणीचं पीठ मी मापून बघितलं, कमलबाई. माझी मलाच लाज वाटली. रोज तुमच्या दारात यायचं आन् रोज लाजायचं, ते कोण करंल? म्हणून तिकडं जायलेय."

मी दोन महिने समजत होते की तिचा आमच्यावर राग आहे. मी खुंटा ओढत राहिले.

दळून झालं. जात्याच्या पाळूतली हळद परातीत गोळा केली, तर दिली त्याहून चांगली मूठभर कमी भरली. आम्ही पाचहीजणी पिवळ्या झालो होतो. माझ्या भुवया पिवळ्या, तिच्या पापण्या पिवळ्या. सरजाबाईनं परातीकडे बघितलं, आमच्या सगळ्यांकडे बघितलं आणि खड्या आवाजात म्हणाली, "हळद कमी भरली बायांनो. आता झडती कुणाची घेऊ?"

मी म्हटलं, "माझी घ्या. गिरणीवाली मीच."

आधी ती हसली, मग मी, मग जातं पुसायला घेतलेलं फडकं तोंडाला लावून केशरबाईही हसली. हसू ओसरलं तेव्हा सरजाबाई म्हणाली, "ती पाटी उतरवा. मग बघू." हे 'बघू' निराळं होतं.

मी घरी आले ती पिवळीच. ह्यांना सांगितलं, पाटी काढायची.

ते म्हणाले, "काढता येणार नाही. काढली तर लोक म्हणतील, आता चोरायला सुरुवात केली."

मी थक्क झाले. कारण ते बरोबर होतं. आबासाहेब ओसरीवर होते, त्यांनीही मान डोलावली. म्हणाले, पाटी लावण्याआधी दहा वेळा विचार करायला पाहिजे होता. सल्ला कुणाचा होता हे ते पार विसरून गेले होते. मग दोघांनी मिळून एक तोडगा काढला, की जुन्या पाटीखाली नवी पाटी लावावी, वरील मजकूर केवळ खुलाशासाठी आहे अशी.

मी विचारलं, "गिरणी कुणाच्या नावावर आहे?"

हे म्हणाले, "ते कागदोपत्री."

"मग कागदच बोलतोय असं समजा," मी म्हटलं. स्टूल घेतलं आणि पाटी उतरवली. दोन्ही पुठ्ठेही काढले. हे रिकाम्या खिळ्याकडे बघत होते. मला दयाच आली. त्यांनी जे केलं होतं ते इज्जतीसाठीच केलं होतं, फक्त इज्जत कुठं ठेवलेली असते ते त्यांना माहीत नव्हतं. ती भिंतीला लावलेल्या डब्यांत होती.

फळीचं काय करायचं? मुंजाजीनं ती हातात घेतली, आडवी-उभी करून बघितली आणि मशीनच्या खाली, जिथून पीठ उडायचं त्या फटीवर ठोकून टाकली. अक्षरं आतल्या बाजूला. त्या दिवसापासून पीठ निम्मंही उडेना. म्हणजे त्या पाटीनं अखेर खरोखर पीठ वाचवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात बैल फुरफुरले. सरजाबाईची गाडी, तिच्यात गव्हाची आणि ज्वारीची पोती. सगळी आळी ओट्यावर आलेली. मुंजाजी पोती उतरवायला लागला. हे शाळेत निघाले होते. बोटात पेन्सिल होतीच. सवयीनं विचारून गेले, "किती किलो आहे?"

सरजाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मला काय ठावं," ती म्हणाली. "तुमी हाव न्हवं हितं. मी चालले, रानात माणसं खोळंबलीत."

आणि गेली. मी दारात उभी राहून बघत होते. कोपऱ्यावर तिनं मागं वळून बघितलं नाही.

संध्याकाळी पोत्यांची तोंडं शिवता येईनात.

त्यानंतर गिरणी एकतीस वर्षं चालली. आबासाहेबांनी पुढं मुलाला रसवंती काढून दिली आणि त्याला इतके सल्ले दिले की तो पूर्णा जंक्शनला रेल्वेत खलाशी म्हणून लागला. केशरबाई शेवटपर्यंत सांगायची की आपण झाकणाबद्दल बोललो होतो, पिठाबद्दल नाही. अंगदचं इंजिन सत्त्याहत्तर साली बसलं. मग त्याच्या कोंबड्यांसाठी मीच रोज ओंजळभर झाडलेलं पीठ पाठवायची. मुंजाजी तेलघाण्यावर गेला नाही. गिरणीतच म्हातारा झाला, आणि केस पिकले ते कुणाला कळलंच नाही. कापसाचा काटा सीलसकट ओसरीवर उभा राहिला. सगुणाच्या पोरांनी दर उन्हाळ्यात त्याच्यावर झोके घेतले. आमचे हे निवृत्त झाल्यावर गिरणीत माझ्या पोत्यावर बसू लागले. नवखं गिऱ्हाईक विचारायचं, मास्तर, किती भरलं? तर ते ऐटीत म्हणायचे, "मला काय ठावं." त्यांना जाऊन बारा वर्षं झाली.

सरजाबाई त्यांच्या आधी गेली, सुगीच्या दिवसात, रानातच. बातमी आली तेव्हा तिचा डबा आमच्या भिंतीला होता, दळून ठेवलेला. तो मीच उचलून तिच्या घरी नेला. तेवढ्याशा वाटेत दोनदा थांबावं लागलं, कारण झाकण बसत नव्हतं.